व्हॅलेटा रेनेसाँस की बरोक? भिंत एका शतकाची, साज दुसऱ्या शतकाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मार्चमध्ये आई-वडिलांना घेऊन चार दिवस माल्टाला जायचंय. एक पुस्तक तिथल्या राजधानीला, व्हॅलेटाला, रेनेसाँस (प्रबोधन) काळातलं आखीव शहर म्हणतं, दुसरं सरळ बरोक, म्हणजे त्यानंतरच्या थाटाच्या, नक्षीदार शैलीतलं शहर म्हणतं. यातलं खरं काय? नुसतं बघून ओळखता येतं का? आणि जुनी राजधानी इम्दिना, शेजारचं गोझो बेट यांच्यासाठी वेळ काढावा का? मी जुन्या दगडी इमारतींच्या जतनाचं काम करतो, चुना आणि चुनखडी यांच्याशीच माझा रोजचा संबंध. त्यामुळे उत्तर थोडं दगडाच्या अंगाने जाईल, चालवून घ्या.

दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींकडे बघून बोलतायत. व्हॅलेटाचे रस्ते, तटबंदी आणि बऱ्याच जुन्या इमारतींची मूळ भिंत सोळाव्या शतकातली, म्हणजे रेनेसाँसच्या अखेरच्या टप्प्यातली. त्या भिंतींच्या आत आणि अंगावर जे चढलं ते सतराव्या-अठराव्या शतकातलं, बरोक. माल्टात कुठल्याही इमारतीसमोर उभं राहिलात की ‘ही कुठल्या शैलीतली?’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि दोन प्रश्न विचारा. भिंत कधीची? आणि साज कधीचा? बहुतेक ठिकाणी दोन वेगळी उत्तरं येतील. मुख्य गोष्ट एवढीच. पुढचं सगळं तिचाच विस्तार आहे.

आधी इतिहास, झटपट. 1530 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने सेंट जॉनच्या नाइट्सना, म्हणजे व्रत घेतलेल्या कॅथलिक लढवय्यांच्या संघाला, माल्टा दिलं. हे लोक समुद्रावरचे, गलबतांवर जगणारे. त्यामुळे आतल्या टेकडीवरची जुनी राजधानी इम्दिना सोडून ते बंदराकाठच्या बिर्गू गावात राहिले. 1565 च्या मे ते सप्टेंबर ऑटोमन फौजेने वेढा घातला. सेंट एल्मोचा किल्ला पडला, बाकीचे कसेबसे टिकले. वेढा उठला तेव्हा सगळ्यांना एकच गोष्ट कळली होती: समोरचा शिबेरास डोंगर मोकळा ठेवला तर पुढच्या वेळी तोफा तिथूनच डागल्या जाणार. म्हणून त्या डोंगरावरच नवं शहर. 28 मार्च 1566 ला संघाचा प्रमुख, म्हणजे ग्रँड मास्टर, जाँ द ला व्हॅलेटने पायाभरणी केली आणि शहराला त्याचंच नाव मिळालं.

आराखडा कोणी केला हे इथे महत्त्वाचं आहे. फ्रांचेस्को लापारेल्ली हा कोर्तोनाचा, पोपने पाठवलेला माणूस. मायकेलअँजेलोच्या हाताखाली काम केलेला, पण मुळात किल्ल्यांचा इंजिनिअर. त्याने काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आखले आणि भोवती टोकदार बुरुजांचा तट घातला. गोल बुरुजाच्या पायथ्याशी शत्रू पोचला की वरून त्याच्यावर मारा करता येत नाही, तो भाग आंधळा राहतो. टोकदार बुरुजाची प्रत्येक बाजू शेजारच्या बुरुजावरच्या तोफेच्या नजरेत येते. ही इटालियन विद्या त्याच शतकात पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडेही आली. वसईचा किल्ला फिरला असाल तर व्हॅलेटाच्या खंदकात उभं राहिल्यावर ओळखीचं वाटेल. मिलानचा जोव्हान्नी बातिस्ता कैराती सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज भारताचा मुख्य वास्तुकार होता. मोम्बासाचा फोर्ट जीझस त्याचाच. गोवा असो की माल्टा, त्या काळात इटालियन इंजिनिअरला मागणी होती ती आधी किल्ल्यासाठी. चर्च नंतर.

लापारेल्लीचा बेत डोंगराचा माथा तासून सपाट करायचा होता. पण तुर्क परत येतील ही धास्ती मोठी, पैसा आणि वेळ दोन्ही कमी. ते काम अर्धवट सोडलं, आणि नकाशावरचे सरळ रस्ते आहेत तशा उतारावर टाकले. म्हणून व्हॅलेटात माथ्यावरचे लांब रस्ते चालायला सोपे आहेत, आणि त्यांना छेदून बंदराकडे उतरणारे बरेच रस्ते थेट पायऱ्या होऊन जातात. आई-वडिलांना घेऊन फिरताना हे ध्यानात ठेवा: रिपब्लिक स्ट्रीट आणि मर्चंट्स स्ट्रीट धरून लांबीत चाला, आडवं उतरू नका. असाच दुसरा अर्धा राहिलेला बेत म्हणजे मांदेराज्जो. गलबतांसाठी शहराच्या आत एक गोदी खोदायची आणि तिथून निघालेला दगड घरांना वापरायचा, असा दुहेरी हिशेब होता. गोदी झालीच नाही. खड्डा उरला, आणि त्यात पुढची काही शतकं गरिबांची दाट वस्ती झाली. आखीव शहराच्या पुस्तकी वर्णनात हा खड्डा सहसा येत नाही.

शहर उभं राहत असताना बांधकामाचे नियमही होते, आणि ते आजच्या आपल्या नगरपालिकांना लाजवतील असे. प्रत्येक घराखाली खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं हवं. सांडपाणी सार्वजनिक गटाराला जोडलेलं हवं. घराची भिंत थेट रस्त्याच्या रेषेवर हवी, पुढे बाग सोडायची नाही. आणि चौकातल्या घराने आपला कोपरा सजवायचा. टाक्यांचं कारण सरळ आहे. बेटावर नदी नाही आणि पुढचा वेढा कधी पडेल याचा नेम नाही. पुढे 1610 ते 1615 मध्ये ग्रँड मास्टर विन्याकूरने उंचावरच्या झऱ्यांचं पाणी शहरात आणणारी जलवाहिनी बांधली, पण टाकी बुजवली नाहीत. कोपऱ्यांच्या नियमाचं फळ आजही दिसतं: चौकाचौकात कोनाडे आणि त्यात संतांचे पुतळे. पुतळे बहुतेक नंतरच्या काळातले, सवय मात्र पहिल्यापासूनची.

आता ओळखायचं कसं. लापारेल्ली लवकरच बेट सोडून गेला, 1570 मध्ये क्रीटमध्ये प्लेगने वारला. प्रत्यक्ष इमारती उभ्या केल्या त्या त्याचा सहकारी जिरोलामो कास्सारने, जो माल्टाचाच. तोही लष्करी इंजिनिअर, आणि त्याच्या चर्चवरसुद्धा ते दिसतं. कास्सारची भिंत बघताना नजर कोपऱ्यावर न्या. तिथे मोठे, उठावदार, खडबडीत चिरे खालून वरपर्यंत रचलेले असतात. मधली भिंत जवळजवळ कोरी. खिडक्यांच्या चौकटी उथळ, सावली बोटभर. म्हणजे इमारतीचं सगळं वजन डोळ्यांना कोपऱ्यात जाणवतं, बुरुजात जाणवावं तसं. बरोकमध्ये हे उलटं होतं. वजन कोपऱ्यातून सरकून मध्यावर येतं: दरवाजा, त्यावर सज्जा, त्यावर खिडकी, त्यावर ढाल-मुकुटाचं राजचिन्ह, सगळं एकमेकांत गुंफून एकच उभी रांग होते. आणि सावली हातभर खोल. ‘वजन कोपऱ्यात की मध्यावर?’ एवढा एक प्रश्न विचारलात तरी व्हॅलेटातल्या बहुतेक दर्शनी भागांचा काळ तुम्हाला बरोबर सांगता येईल.

हे पडताळायला दोन इमारती पुरे. नाइट्सच्या संघात भाषा-प्रदेशांनुसार गट होते, आणि प्रत्येक गटाचा स्वतःचा वाडा असे, त्याला ‘ओबर्ज’ म्हणत. कास्सारने यातले बरेच बांधले. त्याच्या मूळ रूपात आज एकच शिल्लक आहे, ओबर्ज द’आरागों, 1571 चा. बुटका, गंभीर, कोपऱ्यांवर भर देणारा. बरेच पर्यटक फोटो न काढता पुढे जातात. तो बघून झाला की शहराच्या वरच्या टोकाला ओबर्ज द कास्तीयसमोर या. तीही जागा मूळची कास्सारचीच, पण 1741 पासून पुढच्या चार वर्षांत पोर्तुगीज ग्रँड मास्टर पिंतोच्या काळात आंद्रेया बेल्लीने ती नव्याने बांधली. आज तिथे पंतप्रधानांचं कार्यालय आहे. रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना तोफा, दारावर पिंतोचा अर्धपुतळा, झेंडे, शस्त्रं, त्याच्या घराण्याच्या चंद्रकोरी. सगळं दाराभोवती गोळा झालंय. दोन्ही वाडे एकाच कामासाठी, एकाच दगडाचे, मध्ये पावणेदोनशे वर्षं. शहरात वेढ्याची भीती जाऊन दरबारी थाट आला तो कसा, ते या दोन दारांतच दिसतं.

पैसा कुठून आला, हेही विचारण्यासारखं आहे. नाइट्सच्या इस्टेटी युरोपभर पसरलेल्या होत्या, त्यांचं उत्पन्न दरवर्षी इथे यायचं. शिवाय मुस्लिम जहाजांची लूट हा उघड, परवान्याचा धंदा होता, आणि पकडलेल्या माणसांची गुलाम म्हणून विक्रीही. इथली सोनेरी नक्षी बघताना मी हे मुद्दाम आठवतो. व्रत गरिबीचं, आणि हिशेबाची वही ही अशी.

आता दगड. यात मी थोडा जास्त रमेन. माल्टाचा बांधकामाचा दगड म्हणजे ग्लोबिजेरिना चुनखडी, मधाच्या रंगाची. खाणीतून ताजी निघाली की इतकी मऊ असते की हातकरवतीने कापता येते आणि छन्नीने बारीक पाकळ्या काढता येतात. हवेत राहिली की वरचा थर घट्ट होतो. चांगल्या प्रतीला तिथले लोक ‘फ्रांका’ म्हणतात, आणि एक दगाबाज थर असतो त्याला ‘सोल’. ताजा असताना सोल अनोळखी डोळ्याला चांगलाच वाटतो. काही वर्षांत समुद्रावरची खारट हवा त्याला आतून पोखरते. दगडात शिरलेलं मीठ सुकताना स्फटिक होतं, फुगतं आणि कण सुटे करतं. मग भिंतीला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडतात. बंदराच्या बाजूच्या भिंतींवर हे जागोजागी दिसेल. एक चिरा ठणठणीत आणि शेजारचा पार खाल्लेला, असं दिसलं तर समजा की खाणीतल्या दोन वेगळ्या थरांतले चिरे शेजारी बसलेत.

आणखी एक खूण. जिथे दगडाचा चेहरा मागे गेलाय आणि दरजा मात्र करड्या पट्ट्यांसारख्या पुढे आल्यात, तिथे कुणीतरी सिमेंटने दरजा भरलेल्या आहेत. सिमेंट दगडापेक्षा टणक आणि पाणी कोंडून धरणारं, त्यामुळे भिंतीतली ओल दरजेतून न निघता दगडातूनच निघते आणि जाताना दगडाचा बळी घेते. चुन्याची दरज स्वतः झिजते आणि चिरा वाचवते. हा घोटाळा आपल्याकडच्या वाड्यांवर आणि देवळांवर मी इतका पाहिलाय की परदेशात जाऊनही नजर आधी दरजांवरच जाते.

बेटावर इमारती लाकूड जवळपास नाही, आणि त्याचा परिणाम प्रत्येक घरात दिसतो. आपल्याकडे तुळया आणि वासे टाकून माडी होते. तिथे तुळई आणायची म्हणजे जहाजाने. मग त्यांनी खोलीत आडव्या दगडी कमानी ओळीने उभ्या केल्या आणि दोन कमानींच्या मधे दगडाच्या लांब लाद्या टाकून सपाट छत केलं. लादी दगडाची, तेव्हा फार लांब टाकली तर वाकून मोडते. म्हणून कमानी जवळजवळ घ्याव्या लागतात. वरून पाणी गळू नये म्हणून कुटलेल्या खापऱ्या आणि चुना कालवून थर ओतायचा आणि धुमसाने ठोकून घट्ट करायचा. आपल्या जुन्या गवंड्यांचा सुरखीचा कोबा ओळखीचा असेल तर हे वेगळं समजावून सांगायला नको. पावसाचा प्रत्येक थेंब त्या छतावरून घराखालच्या टाक्यात जायचा, म्हणून छत स्वच्छ ठेवणं हाही घरकामाचा भाग होता.

दगड मऊ आहे हे कळलं की सेंट जॉन्सचं कोडं सुटतं. सेंट जॉन्स को-कॅथेड्रल हे नाइट्सचं मुख्य चर्च, 1572 ते 1577 मध्ये कास्सारने बांधलेलं. बाहेरून बघाल तर दोन चौकोनी मनोरे, साधी भिंत, दारावर एक सज्जा. किल्ल्याची कचेरी म्हणून खपेल. दार उघडून आत गेलात की डोळे दिपतात. इंचभर जागा कोरी नाही. पण सोन्याकडे बघण्याआधी सांगाडा बघा. एकच रुंद दालन, वर अर्धगोल कमानीचं लांबच लांब छत. असं छत दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेर ढकलतं. तो रेटा पेलायला कास्सारने आडव्या जाड भिंती टाकल्या आणि दोन भिंतींमधल्या जागेत बाजूची छोटी प्रार्थनादालनं बसवली. 1604 मध्ये ही दालनं एकेका प्रदेश-गटाला वाटून दिली, आणि मग सजावटीची चुरस लागली. सांगाडा शंभर टक्के सोळाव्या शतकाचा, हिशेबी आणि कोरडा.

साज आला तो मात्तिया प्रेतीमुळे. हा कालाब्रियाचा चित्रकार, स्वतः नाइट. 1661 ते 1666 या काळात त्याने सगळं छत रंगवलं आणि खालच्या भिंतींच्या नक्षीचाही आराखडा दिला. इथे जवळ जाऊन बघण्यासारखी गोष्ट म्हणजे ती नक्षी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की हे प्लास्टरचे साचे असतील, ओतून चिकटवलेले, रोममध्ये पुष्कळ ठिकाणी असतात तसे. तसं नाही. पाने, फुलं, देवदूत, आठ टोकांचे क्रॉस, हे सगळं भिंतीच्या दगडातच जागेवर कोरलंय आणि वर सोन्याचा वर्ख दिलाय. खांबाजवळ उभं राहून नजरेच्या उंचीवरची चिऱ्यांमधली दरज शोधा. ती नक्षीच्या कडेला थांबत नाही, पानातून तशीच पुढे जाते. म्हणजे आधी कास्सारची सपाट भिंत होती आणि शंभरेक वर्षांनी पाथरवटांनी तिच्यातच खोदून बरोक बाहेर काढलं. वरून काही चढवलं नाही, भिंत तासून घेतली. सुरुवातीला जे म्हटलं, भिंत एका काळाची आणि साज दुसऱ्या काळाचा, त्याचा इतका रोकडा पुरावा मला दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये मिळालेला नाही.

छतावर प्रेतीने भित्तिचित्राची नेहमीची ओल्या गिलाव्याची पद्धत वापरली नाही. दगडाला तेल पाजून त्यावर थेट तैलरंग लावले. सेंट जॉनच्या आयुष्यातले प्रसंग एकेका कमानीत मांडलेत. कडेला बसलेल्या माणसांच्या आकृती बघा: खालून त्या पुतळ्यांसारख्या वाटतात, कारण त्यांच्या सावल्याही रंगवल्यात आणि त्या खऱ्या दगडी चौकटीवर पडल्यासारख्या दाखवल्यात. खरा उठाव कुठे संपतो आणि रंग कुठे सुरू होतो, हे मान दुखेपर्यंत शोधत बसता येतं. ऑडिओ गाइडचं बोलणं मध्येच थांबवून हे करा.

मग शेजारच्या ऑरेटरीत, म्हणजे चर्चला जोडलेल्या प्रार्थनागृहात जा. इटालियन चित्रकार कॅराव्हॅजिओ खुनाच्या प्रकरणात रोममधून पळालेला, 1607 मध्ये माल्टात आला. 1608 मध्ये त्याने ‘सेंट जॉनचा शिरच्छेद’ इथे रंगवलं. त्याने स्वतःच्या नावाची सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि सही जमिनीवर सांडलेल्या रक्तात. त्याच वर्षी तो नाइट झाला, भांडणात तुरुंगात गेला, निसटला आणि गैरहजेरीत हाकलला गेला. ही कथा तुम्हाला सगळेच सांगतील. मी वास्तुकार म्हणून एक वेगळी जागा दाखवतो: चित्रात माणसांच्या मागची भिंत. जवळजवळ अर्धं चित्र नुसती भिंत आहे, आणि तिच्यात उठावदार चिऱ्यांची एक जड कमान. दिवसभर रस्त्यावर कास्सारच्या ज्या कमानी बघितल्यात, त्याच घराण्यातली. सोनेरी नक्षी अजून पन्नास वर्षं दूर होती. कॅराव्हॅजिओने जे व्हॅलेटा पाहिलं ते असंच कोरडं आणि करडं होतं.

बरोक बेटावर आलं ते साधारण 1635 च्या सुमारास, लुक्काचा फ्रांचेस्को बुओनामिची आला त्याच्याबरोबर. 1634 मध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यात स्फोट होऊन जेझुइटांच्या चर्चचं नुकसान झालं होतं, त्याच्या दुरुस्तीचं काम त्याच्याकडे गेलं. त्याआधीचं शुद्ध रेनेसाँस वळणाचं चर्च बघायचं असेल तर व्हॅलेटाबाहेर अट्टार्ड गावात जा. तिथलं सेंट मेरीचं चर्च तोम्मासो दिंग्लीचं, 1613 पासूनचं. प्राचीन रोमन देवळासारखा त्रिकोणी माथा, मोजून ठेवलेले कोनाडे. बसने सहज होतं, फार वेळ लागत नाही.

एक मात्र सांगून ठेवतो, नाहीतर निराश व्हाल. माल्टातलं बरोक सिसिलीएवढं नाचरं नाही. 11 जानेवारी 1693 च्या भूकंपाने आग्नेय सिसिलीतली गावंच्या गावं झोपवली. नोतो तर मूळ जागा सोडून नवीन जागी वसवलं. रागुसा इब्लातल्या रोझारिओ गाल्यार्दीच्या सान जॉर्जो चर्चचा मधला भाग पोट काढून पुढे येतो. माल्टात असे फुगलेले, वळलेले दर्शनी भाग शोधावे लागतात. इथला पाथरवट मऊ दगडात हवं ते काढू शकत होता, तरी दर्शनी भाग बहुधा सपाटच राहिला. शंभर वर्षं कोपऱ्यावर जोर देण्याची लागलेली सवय लवकर सुटली नाही, असं मला वाटतं. मधल्या मध्ये गंमत म्हणून रिपब्लिक स्ट्रीटवरचं सेंट बार्बारा बघा. बाहेरून रस्त्याच्या रांगेत गुपचूप उभं, आत अंडाकृती.

तोच भूकंप इम्दिनाला पोचला आणि तिथलं मध्ययुगीन कॅथेड्रल खिळखिळं झालं. नवं बांधलं लोरेन्झो गाफाने. हा बिर्गूचा, आणि रोममध्ये नाव कमावलेला शिल्पकार मेल्किओरे काफा हा त्याचा भाऊ. वेदीमागचा भाग भूकंपाआधीच नव्याने बांधलेला होता, तो टिकला आणि नव्या इमारतीत सामावून घेतला. तेव्हा इथेही तारखा दोन. गाफाचा हात घुमटात आहे. अष्टकोनी, उंच गळ्यावर उचललेला, आणि गळ्याभोवती दगडी वेटोळ्यांचे आधार. ही वेटोळी दिसायला शोभेची आहेत, पण घुमटाचा बाहेर जाणारा रेटा धरायला तिथे वजन लागतंच. शोभा आणि काम एकाच दगडाकडून करून घेतलंय. समोरून चर्च सपाट आणि शांत वाटतं. घुमट बघायचा तर तटाबाहेर या. इम्दिनाचं मुख्य दार मात्र ऐन बरोक: 1724, ग्रँड मास्टर विल्येना, आणि त्याचा फ्रेंच वास्तुकार मोंदियों. हा विल्येनाही पोर्तुगीज. व्हॅलेटातलं 1731 चं मानोएल थिएटर त्याचंच. दारातून आत शिरलात की गल्ल्या पुन्हा मध्ययुगीन, वाकड्यातिकड्या.

गोव्याशी तुलना तुमच्या मनात येणारच, म्हणून एवढंच. ओल्ड गोव्याचं बाँ जेझू बसिलिका आज जांभ्याच्या उघड्या चिऱ्यांत दिसतं, पण ते तसं बांधलेलं नव्हतं. जांभा सच्छिद्र, कोकणातला पाऊस मुसळधार. त्याला गिलावा आणि चुन्याचा हात हवाच. तो विसाव्या शतकात काढून टाकला गेला, आणि दगड तेव्हापासून सोसतोय. जांभ्यात बारीक नक्षी उतरत नाही, म्हणून दर्शनी भागावरच्या खांब-चौकटींना वसईकडचा काळा बसाल्ट आणला. माल्टात रचनेचा आणि नक्षीचा दगड एकच, गोव्यात दोन. दोन्हीकडचं बरोक इतकं वेगळं दिसतं याचं अर्धं कारण मला तरी खाणीतच सापडतं.

फसवणाऱ्या गोष्टी आधीच सांगतो. व्हॅलेटाच्या प्रत्येक पोस्टकार्डावर असतो तो मोठा लंबगोल घुमट, कार्मेलाइट चर्चचा, तो बरोक नाही. जुनं चर्च दुसऱ्या महायुद्धात मोडलं. घुमट त्यानंतरचा, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. शेजारचा उंच टोकदार मनोरा ब्रिटिशांच्या अँग्लिकन चर्चचा, एकोणिसाव्या शतकातला. म्हणजे ‘बरोक व्हॅलेटा’चं सगळ्यात प्रसिद्ध चित्र बरोक नसलेल्या दोन वास्तूंचं आहे. मोस्टा गावातल्या चर्चचा प्रचंड घुमट हाही एकोणिसाव्या शतकातला. रस्त्यावर झुकलेले रंगीत, बंद लाकडी सज्जे बहुतेक अठराव्या शतकापासून पुढचे, पण चिकटलेत सोळाव्या शतकाच्या घरांना. आणि शहराच्या दारातच रेन्झो पिआनोची 2015 ची संसद लागेल. काही स्थानिकांना ती अजून खुपते. मला आवडते. यंत्राने कापलेले दगडी तुकडे उन्हाची दिशा धरून तिरके बसवलेत, आणि भिंतीला पुन्हा खोल सावली मिळालीय.

गोझोसाठी एक दिवस ठेवाच. तिथल्या किल्ल्यातलं कॅथेड्रलही गाफाचं, 1697 पासूनचं. त्यावर घुमट व्हायचा होता, झाला नाही. छत सपाट ठेवलं, आणि 1739 मध्ये मेसिनाहून आलेल्या अंतोनिओ मानुएलेने त्या सपाट छताच्या आतल्या बाजूला घुमट रंगवला. मधल्या वाटेवर ठराविक जागी उभं राहिलं की तो खराच उंच वाटतो. वेदीकडे चालत गेलात की कलंडतो. वडिलांना आधी काही सांगू नका, नुसतं वर बघायला लावा.

क्रम असा ठेवा. पहिला दिवस व्हॅलेटा: आरागों, सेंट जॉन्स, ऑरेटरी, शेवटी कास्तीय. दुसऱ्या दिवशी बोटीने समोर बिर्गूला. तिथून व्हॅलेटाचा तट एकसंध दिसतो आणि गाफाचं सेंट लॉरेन्स चर्चही बघून होतं. परतताना बंदरापासून वरच्या बराक्का बागेपर्यंत लिफ्ट आहे, पायऱ्या वाचतात. तिसरा दिवस इम्दिना, जाता-येता अट्टार्ड. चौथा गोझो, व्हॅलेटाहून थेट जलद बोट मिळते, बस बदलत उत्तर टोकाला जायची गरज नाही. सेंट जॉन्समध्ये सकाळी उघडल्या उघडल्या शिरा, गर्दी जमली की जमिनीवरच्या नाइट्सच्या रंगीत संगमरवरी थडग्यांतली एकही धड दिसत नाही. त्या संगमरवरासाठीच टोकदार टाचांचे बूट तिथे चालत नाहीत, तेव्हा आईंना त्या दिवशी सपाट चपला घालायला सांगा.